चौथीतल्या मुलाला गुणाकार येतो, बेरीजही येते. पण शाब्दिक उदाहरणात दोन्ही एकत्र आले की चुकते. काय करावे?

जुळे सोलापूरमधील पालक

नमस्कार. माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. त्याचे वीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत, हातच्याची बेरीज तो सहसा चुकत नाही आणि तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणणेही त्याला नीट जमते. असे असूनही शाब्दिक उदाहरण समोर आले, आणि त्यात गुणाकार व बेरीज या दोन्ही क्रिया एकामागून एक कराव्या लागणार असल्या, की त्याचा पार गोंधळ होतो. परवाचे उदाहरण असे होते:

"एका दुकानदाराने प्रत्येकी २७५ रुपये किमतीच्या १४ चादरी आणि प्रत्येकी ८५ रुपये किमतीचे २६ टॉवेल विकत घेतले, तर त्याने एकूण किती रुपये दिले?"

त्याने चारही संख्या एकाखाली एक मांडल्या आणि बेरीज करून ४०० हे उत्तर लिहिले. उत्तर पूर्ण चारशे आल्यामुळे ते बरोबरच असणार, अशी त्याची खात्री झाली होती. बेरीज का केलीस असे विचारल्यावर तो म्हणाला, "आई, एकूण म्हणलंय की." मग मी त्याला "प्रत्येकी आले की गुणाकार" असे सांगितले. तेव्हा त्याने २७५ ला १४ ने गुणून ३,८५० काढले, आणि त्यात ८५ व २६ मिळवून ३,९६१ लिहिले. त्यावर मी चिडले. तेव्हापासून तो उदाहरण पुरते वाचण्याआधीच माझ्या तोंडाकडे पाहतो आणि "गुणाकार की बेरीज?" असे विचारतो. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

ही अडचण गणिताची आहे की वाचनाची? कोणत्या शब्दाला कोणती क्रिया करायची याची यादी त्याच्याकडून पाठ करून घ्यावी का? आणि रोज किती उदाहरणे सोडवायला द्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, बार्शी रस्ता

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षे शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गांवर गेली. तुम्ही लिहिलेली दोन्ही उत्तरे मी पुन्हा करून पाहिली. २७५, १४, ८५ आणि २६ यांची बेरीज खरोखरच ४०० येते, आणि ३,८५० मध्ये ८५ व २६ मिळवले तर ३,९६१ च होतात. म्हणजे तुमचा मुलगा आकडेमोडीत कुठेही चुकलेला नाही. आकडे कशाचे आहेत हे पाहण्याची सवय त्याला लागलेली नाही, एवढेच.

यादी पाठ करून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. "एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे गुणाकार" ही यादी आम्हा शिक्षकांनीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिली आणि नोकरीच्या सुरुवातीला मीही ती लिहीत असे. एका पायरीच्या उदाहरणांत ती बऱ्याचदा चालून जाते, म्हणून तिचा दोष तिसरीपर्यंत लक्षात येत नाही. पण "एका गठ्ठ्यात १२ टॉवेल आहेत, असे ८ गठ्ठे आहेत, तर एकूण टॉवेल किती?" यात 'एकूण' असूनही गुणाकार करावा लागतो. "सीमाकडे ४५ रुपये आहेत, ते मीनाकडील रुपयांपेक्षा १२ ने अधिक आहेत, तर मीनाकडे किती?" यात 'अधिक' असूनही वजाबाकी करावी लागते. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात तर 'प्रत्येकी' आणि 'एकूण' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी येऊन बसतात. मग यादी पाठ केलेल्या मुलाने कोणाचे ऐकायचे? तुमच्या मुलाने पहिल्यांदा 'एकूण'चे ऐकले, दुसऱ्यांदा पहिल्या 'प्रत्येकी'चे ऐकले, आणि दोन्ही वेळा त्याने यादीचा शब्द पाळला.

त्याऐवजी एकच नियम घालून द्या, तो म्हणजे वहीत कोणताही आकडा उघडा लिहायचा नाही, त्याच्या शेजारी त्याचे नाव लिहायचे. २७५ रुपये, एका चादरीचे. १४ चादरी. ८५ रुपये, एका टॉवेलचे. २६ टॉवेल. एवढे लिहून झाल्यावर त्याला बेरीज करावीशी वाटली तर करू द्या, पण आलेल्या उत्तराचेही नाव लिहायला सांगा.

माझ्या वर्गात एका मुलीने असेच २७५ रुपये आणि १४ चादरी यांची पाटीवर बेरीज केली आणि २८९ लिहिले. नाव लिहायच्या जागी ती थांबली. तिने आधी 'रुपये' लिहिले आणि बोटाने पुसले, मग 'चादरी' लिहिले आणि तेही पुसले. थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसली, आणि मग काही न विचारता तिने पाटीवरची सगळी बेरीजच तळहाताने पुसून टाकली. मी एक अक्षरही बोललो नव्हतो. बेरीज एकाच जातीच्या वस्तूंची होते, रुपयांत रुपये मिसळतात पण रुपयांत चादरी मिसळत नाहीत, हे तिला त्या मोकळ्या जागेने शिकवले. गुणाकाराचे मात्र वेगळे असते. तिथे एक संख्या 'एकाचे इतके' असे सांगते आणि दुसरी 'असे किती' हे सांगते, म्हणून २७५ रुपये आणि १४ चादरी यांची जोडी गुणाकारात जुळते.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला प्रश्न. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात लेखक शेवटचा प्रश्न विचारतो आणि मधले प्रश्न गाळतो. ते मुलाने स्वतः शोधायचे असतात, आणि माझ्या मते खरे गणित तिथेच असते. त्यासाठी शेवटाकडून सुरुवात करावी. एकूण रुपये कधी कळतील? चादरींचे सगळे रुपये आणि टॉवेलांचे सगळे रुपये कळले की. ते उदाहरणात दिले आहेत का? नाहीत. मग आधी तेच काढले पाहिजेत. हे बोलणे तोंडी झाले की वहीतली मांडणी आपोआप पुढीलप्रमाणे होते:

१४ चादरींची किंमत = २७५ × १४ = ३,८५० रुपये
२६ टॉवेलांची किंमत = ८५ × २६ = २,२१० रुपये
दुकानदाराने दिलेली एकूण रक्कम = ३,८५० + २,२१० = ६,०६० रुपये

बरोबर चिन्हाच्या डावीकडचे शब्द शोभेसाठी नाहीत. ते मधल्या प्रश्नांची नावे आहेत. ते लिहिल्याशिवाय गुणाकाराला हात लावू देऊ नका. पुढच्या इयत्तांत हेच (२७५ × १४) + (८५ × २६) असे एका ओळीत येईल आणि कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) पाठ करावे लागेल. आज त्याची घाई नको.

तो तुमच्या तोंडाकडे पाहतो, याबद्दल. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न दिला गेला होता: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? पुष्कळ मुलांनी ३६ असे उत्तर दिले. ती मुले मंद नव्हती. शाळेत आकडे दिले म्हणजे त्यांचे काहीतरी करायचे असते आणि ते केले की मोठी माणसे समाधानी होतात, हे ती शिकलेली होती. म्हणून तुम्ही 'बरोबर' किंवा 'चूक' हे दोन्ही शब्द काही दिवस बाजूला ठेवा. त्याने विचारले, "गुणाकार की बेरीज?" तर तुम्ही शांतपणे एवढेच विचारा, "हा आकडा कशाचा आहे?"

उदाहरणे रोज दोन पुरेत. त्यांतले एक पूर्ण सोडवावे आणि दुसऱ्यात आकडेमोड अजिबात न करता फक्त गोष्ट सांगावी, म्हणजे कोण दुकानात गेला, त्याने काय घेतले, आधी काय काढावे लागेल, मग काय.

सोलापूरच्या पूर्वभागातील शिक्षिका

गुरुजींचे म्हणणे पूर्णपणे पटले. 'गणित की वाचन' या प्रश्नावर मला थोडे सांगायचे आहे, कारण माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात आणि काहींच्या घरी कन्नड. मुलाला गुणाकार येत नाही असे समजून मी ज्याला पाढे म्हणायला बसवत होते, त्याची अडचण 'प्रत्येकी' हा शब्दच होता, हे मला फार उशिरा कळले. तो शब्द घरात कोणी बोलत नाही. मी 'एकेका चादरीला' असे म्हटले, आणि शेजारच्या मुलीने त्याला 'ओक्कोक्कटि' असे सांगितले, तेव्हा त्याने पुढचे उदाहरण स्वतः केले. ज्या मुलांच्या आया विड्या वळतात त्यांना 'हजार विड्यांमागे इतकी मजुरी' हे वाक्य समजावून द्यावे लागत नाही. तीन हजारांचे किती होतील ते ती तोंडी सांगतात. आता मी सुरुवात 'मागे' या शब्दाने करते आणि 'प्रत्येकी', 'दराने', 'प्रमाणे' हे शब्द त्याला जोडून देते.

दुसरी अडचण संख्यांच्या नावांची आहे. मराठीत आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, तर तेलुगूत 'अरवै मूडु' आणि कन्नडमध्ये 'अरवत्तमूरु' म्हणताना साठ आधी येतात. त्यामुळे उदाहरण मोठ्याने वाचून दाखवले की काही मुले ६३ ऐवजी ३६ लिहितात आणि पुढची सगळी रीत बरोबर करूनही उत्तर चुकते. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात मी कोणत्याच बाजूला नव्हते, परंतु आमच्या वर्गात ही अडचण रोजची आहे एवढे मला ठामपणे सांगता येईल. ताई, तुमच्या घरी मराठीच बोलत असाल तर हे तुम्हाला लागू होणार नाही. तरीही त्याच्याकडून उदाहरण मोठ्याने वाचून घ्या. अनेक मुले शब्दांवरून नजर उडवून फक्त आकडे टिपतात.

वाचनाचा फरक किती मोठा असतो त्याचा एक नमुना देते. "सहलीला नळदुर्गला ४ बसगाड्या गेल्या. प्रत्येक गाडीत ४२ विद्यार्थी व ३ शिक्षक होते." आणि "सहलीला नळदुर्गला ४ बसगाड्या गेल्या. प्रत्येक गाडीत ४२ विद्यार्थी होते. शिवाय एकूण ३ शिक्षक सोबत होते." आकडे तेच आहेत. पहिल्यात आधी बेरीज आणि मग गुणाकार, म्हणजे ४५ गुणिले ४, एकूण १८० जण. दुसऱ्यात आधी गुणाकार, १६८, आणि मग त्यात ३ मिळवून १७१. मी ही दोन्ही उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि बसगाड्यांचे चौकोन काढून शिक्षक कुठे बसवायचे ते मुलांना विचारते. पहिल्यात प्रत्येक चौकोनात तीन ठिपके येतात, दुसऱ्यात सगळ्या गाड्या मिळून तीनच. चित्र काढले की वाद मिटतो.

एक पालक, विजापूर रस्ता

सर्वांचे मार्गदर्शन चांगले आहे. तरीही एक शंका आहे. परीक्षेत वेळ मोजका असतो. प्रत्येक आकड्याला नाव लिहीत बसले तर पेपर पूर्ण होईल का? माझ्या मुलीला मी महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारायला शिकवले आहे आणि तिचे गुण चांगले येतात.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, बार्शी रस्ता

रेघ जरूर मारावी, परंतु ती प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याखाली मारावी, म्हणजे काय काढायचे आहे ते डोळ्यांसमोर राहते. नावे लिहिण्याचे काम घरच्या सरावापुरते असते. दोन-तीन महिने ते केले की मूल मनातल्या मनात नाव घेऊ लागते आणि कागदावर लिहिण्याची गरज उरत नाही. वेळ खरा वाया जातो तो चुकीची क्रिया करून पुन्हा खोडण्यात.

यंत्रमाग कारखान्यातील हिशेबनीस

मी शिक्षक नाही, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात बावीस वर्षे हिशेब लिहितो. चादरी आणि टॉवेलांचे उदाहरण पाहिले म्हणून लिहावेसे वाटले, कारण हाच हिशेब मी दिवसातून अनेकदा करतो.

आमच्याकडे आकडेमोडीच्या आधी अंदाज घेतात. एक चादर पावणेतीनशेची, म्हणजे दहाच चादरींचे पावणेतीन हजार झाले. मग चौदा चादरी आणि वर सव्वीस टॉवेल मिळून चारशे रुपयांत कसे बसतील? दोन चादरींतच चारशे ओलांडतात. हा प्रश्न मुलाला उत्तर काढण्यापूर्वी विचारावा. चादरींचे चार हजारांच्या आसपास, टॉवेलांचे दोन हजारांच्या थोडे वर, असा सहा हजारांचा अंदाज आधी वहीच्या कोपऱ्यात लिहिला असता, तर ४०० आणि ३,९६१ ही दोन्ही उत्तरे त्याची त्यालाच खटकली असती.

दुसरे, दोन अंकी संख्येने गुणणे हेदेखील मुळात गुणाकार आणि बेरीज यांचेच उदाहरण असते. १४ चादरी म्हणजे १० चादरी आणि ४ चादरी. दहांचे २,७५०, चारांचे १,१००, मिळून ३,८५०. टॉवेलांचे तसेच, वीसांचे १,७०० आणि सहांचे ५१०, मिळून २,२१०. उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी मुले जी फुली मारतात ती या दहासाठी असते. फुली का मारायची ते न कळता मारली तर कधीतरी ती विसरते, आणि १,१०० मध्ये २,७५० ऐवजी २७५ मिळवून १,३७५ येतात.

आता ताळ्याविषयी, म्हणजे उत्तर पडताळून पाहण्याविषयी. जुने हिशेबनीस नवाचा ताळा करत, मलाही तो माझ्या आधीच्या मुनीमजींनी शिकवला. २७५ चे अंक मिळवले की १४, आणि १४ चे अंक मिळवले की शेवटी ५ उरतात, दुसऱ्या संख्येचे, १४ चेही ५. पाच पाचे पंचवीस, त्याचे ७. उत्तर ३,८५० च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. ताळा जमला. मुलांना हे फार आवडते, म्हणून जरूर शिकवा. पण यात एक खोच आहे. वर सांगितलेले फुली विसरल्याचे चुकीचे उत्तर, १,३७५, त्याच्याही अंकांची बेरीज १६ आणि शेवटी ७ च येते. शून्य वाढले काय किंवा गळले काय, अंकांची बेरीज बदलत नाही, त्यामुळे ही चूक नवाच्या ताळ्यात कधीच सापडत नाही. एकदा माझ्याच एका बिलात असे झाले होते, ताळा जमला म्हणून मी ते पुढे पाठवले, आणि गठ्ठे बांधणाऱ्या मामांनी रक्कम ऐकताच "साहेब, चौदा चादरी इतक्या स्वस्त कुठं असतात का ओ?" असे विचारले. त्यांनी कागदावर काहीही केले नव्हते, त्यांना फक्त चादरीची किंमत ठाऊक होती. म्हणून ताळा करावाच, पण अंदाज आधी घ्यावा.

जुळे सोलापूरमधील पालक

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

पहिले चार-पाच दिवस कठीण गेले. नाव लिहायचा त्याला कंटाळा यायचा आणि मी 'बरोबर' म्हणत नाही म्हणून तो रुसायचा. मी मात्र "कशाचा आकडा?" यापलीकडे काही बोलले नाही. सहाव्या की सातव्या दिवशी वह्या आणि पेन्सिलींचे उदाहरण करताना त्याने वह्यांच्या रुपयांत पेन्सिलींची संख्या मिळवायला घेतली, मध्येच थांबला आणि स्वतःशीच म्हणाला, "हे पेन्सिली हायत, रुपये नव्हं." मग पेन्सिलींचा गुणाकार आधी केला. अंदाज लिहायला त्याला आवडते, कारण अंदाज जवळ आला की तो स्वतःला गुण देतो. 'शिवाय' हा शब्द तो गाळतो, हेही उदाहरण मोठ्याने वाचून घेतल्यामुळेच समजले.

गेल्या रविवारी त्याचा मामा पुण्याला परत जाणार होता. त्याच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायला आम्ही दोघे गेलो होतो. घरी आल्यावर त्याने स्वतःच उदाहरण तयार केले, ते जसेच्या तसे देते: "आईने मामासाठी ६० रुपयांना एक अशी कडक भाकरीची ६ पाकिटे आणि ९० रुपयांना एक अशी चटणीची ३ पाकिटे घेतली. मामाच्या रेल्वेचा डबा ५ नंबरचा आहे. तर आईने एकूण किती रुपये दिले आणि पिशवीत एकूण पाकिटे किती?"

रुपये ६३० आणि पाकिटे ९. एकाच गोष्टीत 'एकूण' दोनदा आले आहे आणि दोन्हींची रीत वेगळी आहे, हे त्याला मी सांगितले नव्हते. डब्याचा नंबर कशाला घातलास असे मी विचारले, तर म्हणाला, "पप्पा ते पाच मिळवतात का बघायचंय." संध्याकाळी ते कामावरून आल्यावर त्याने वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचे लिहून होईपर्यंत तो त्यांच्या शेजारी उभा राहिला.